एकवीस नंबरची आई

आमच्या वर्गात हजेरी नंबरानं घेतली जाते. नावं घेत बसलं, तर एकाच नावाच्या तीन-तीन पोरी उभ्या राहतात आणि पहिला तास तिथंच संपतो. म्हणून नंबर. मी "एक" म्हटलं की "हजर", "दोन" म्हटलं की "हजर बाई", मध्येच इंग्रजीचा झटका आलेलं एखादं "प्रेझेंट मॅडम". आवाजावरनं मला सगळं कळतं. कोण खाऊन आलंय, कोण रात्रभर मोबाईल बघत बसलंय, कोण घरात शिव्या खाऊन आलंय. इतकी वर्षं हेच करतेय, आता मान वर करायचीही गरज पडत नाही.

शाळा आमची बिद्रीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून. आठवी ते दहावीचे वर्ग सकाळी सव्वासातला भरतात. मी कोल्हापुरातनं स्कूटीवरनं जाते. थंडीत असं बोचरं वारं लागतं की शाळेत पोचल्यावर थोडा वेळ मला खडू धरता येत नाही, आणि अशा अवस्थेत समोरचे बाक रिकामे दिसले की माझं डोकं फिरतं. मी कोल्हापूरहून येते आणि तुम्हाला पलीकडच्या वाडीवरनं येता येत नाही? पोरं मला माघारी 'तोफ' म्हणतात. हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. आमचं बरं चाललंय.

गैरहजेरीच्या कारणांचं तर काय सांगू! गावात जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग तांबडा-पांढरा रस्सा जिरवत घरी पडलेला. मग जोतिबाचे खेटे, मामाच्या पोरीची सुपारी, 'पावणं आल्यात', 'पावणं गेल्यात', 'पावणं जाईनात'. एका पोरानं तर चुलत्याचा बैल शर्यतीत पहिला आला म्हणून दांडी मारली आणि वर मला गुलालाचं कपाळ दाखवलं. मी ओरडते, दमात घेते, उठाबशा काढायला लावायचे ते दिवस गेले म्हणून हळहळते, आणि शेवटी हसते. कारण ही सगळी कारणं दोन दिवसांत संपतात आणि पोरं परत येतात. न संपणारं कारण एकदाच भेटलं, एकवीस नंबरच्या पोरीचं.

तिचं नाव मी सांगणार नाही. तिला आवडणार नाही आणि मला ती एकवीस म्हणूनच जवळची आहे. सातवीपर्यंत ती वरच्या वाडीतल्या छोट्या शाळेत होती. तिथं पुढचा वर्ग नाही, म्हणून जूनमध्ये आमच्याकडं आठवीत आली. त्या वाडीतनं माझ्या वर्गात येणारी ती एकटीच. सडसडीत, दोन घट्ट वेण्या, आणि आवाज असा खणखणीत की तिनं "हजर बाई!" म्हटलं की मागच्या बाकावर पेंगणारे दचकून जागे व्हायचे.

पण हा आवाज आठवड्यातनं एखाद-दुसऱ्या दिवशीच ऐकू यायचा. बाकी दिवस मी "एकवीस" म्हणायची, आणि पोरं कोरसमध्ये म्हणायची, "न्हाय आली!"

आली की मात्र एक मिनिट वाया घालवायची नाही. मधल्या सुट्टीत बाकीच्या पोरी मैदानात, ही शेजारणीची वही समोर ठेवून बुडलेलं सगळं उतरवून काढतेय. अंगाला वैरणीचा, पेंडीचा वास. कुणी नाक मुरडलं तर ही फाडकन म्हणायची, "सकाळी च्यात दूध घातलंस न्हवं? मग त्येला वास नाही आला व्हय?" मला ती फार आवडली. ज्या पोराला शाळा नको असते त्याचा चेहरा मी ओळखते, आणि हा तो चेहरा नव्हता.

आता आमच्या शाळेत असा नियम आहे, की पोर आलं नाही की वर्गशिक्षकानं घरी मेसेज टाकायचा. एकवीसच्या प्रवेशावेळी आईचा नंबर दिलेला होता. मी त्यावर टाकला: 'आपली मुलगी आज गैरहजर आहे. कारण कळवावे.' त्या नंबरच्या फोटोत एक हसरी बाई, डोक्यावर पदर, एका काळ्याभोर म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी. उत्तर आलं: 'बाई तिला ताप हाय.' दुसऱ्या वेळी: 'बाई एस्टी चुकली.' तिसऱ्या वेळी: 'बाई घरात काम हुतं.' चौथ्या वेळी परत ताप.

मी हळूहळू नियमाची भाषा सोडली. "ताई, पोरगी हुशार आहे हो, का तिचं नुकसान करता?" असं लिहायला लागले. उत्तर लगेच यायचं, अगदी गोड: 'व्हय बाई, उद्या धाडतो नक्की.' आमच्याकडं बायकाही 'जातो', 'येतो'च म्हणतात, त्यामुळं त्यात नवल नव्हतं. आणि उद्या पोरगी नाहीच. मग माझा पारा चढायचा. "ताई, तुम्ही मला शब्द देता आणि पाळत नाही." उत्तर: 'चुकलं बाई. रागवू नगासा.' रागवू नगासा म्हणे! मी स्टाफरूममध्ये तो मेसेज सगळ्यांना दाखवला. म्हटलं, बघा, कसली गोडबोली बाई आहे ही. मला गुंडाळून ठेवलंय हिनं.

सहामाही परीक्षा झाली. एकवीसनं पेपर तेवढे सगळे दिले, आणि आठवड्यातनं एखादा दिवस येणाऱ्या पोरीच्या मानानं ते इतके चांगले दिले की मी गणिताचा पेपर पुन्हा एकदा तपासला. आणि त्याच दिवशी दुपारी त्या फोनवरनं मेसेज आला: 'बाई पोरीचा शाळेचा दाखला पायजे. दिवाळीनंतर धाडत न्हाय. घरात माणूस न्हाय.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला, की आठवीतली पोरगी दुसऱ्या शाळेत जात नसते. ती घरात जाते. मग आज शेणघाण, उद्या स्वयंपाक, आणि परवा कुणीतरी स्थळ घेऊन येतं. मुख्याध्यापक मऊ माणूस. ते म्हणाले, "बाई, आईच मागतेय म्हटल्यावर आपण काय करणार? रोज गैरहजर दाखवण्यापेक्षा देऊन मोकळं व्हा." मी म्हटलं, "सर, देईन. पण आधी त्या बाईला तोंडावर चार शब्द सुनावून येते. मग देईन."

आणि निघाले.

वाडी तशी लांब नाही, पण रस्ता शेवटी शेवटी रस्ता राहत नाही. उसाच्या दोन फडांच्या मधनं एक चढण, आणि त्या चढणीला माझ्या स्कूटीनं रामराम ठोकला. ढकलत ढकलत वर गेले. पारावर बसलेले म्हातारे ओरडले, "कुठं निघाला, पावणं?" मी घर विचारलं. एकमेकांकडं बघून त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही, कारण मी मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होते.

संध्याकाळची धारेची वेळ. घराला लागूनच गोठा. दारात ट्रॅक्टरच्या चाकांचे ओले माग, घरात कुणी दिसेना. गोठ्यात ती फोटोतली म्हैस, आणि तिच्या कासेशी पाठमोरी बसलेली ती बाई. जांभळं, विटलेलं लुगडं, डोक्यावर पदर. किटलीत धारेचा आवाज चाललेला.

"ओ ताई!" मी दारातनंच सुरू केलं. "फोनवर लय गोड बोलता, आता तोंडावर बोला. दाखला पाहिजे नाही का तुम्हाला? घरात माणूस नाही म्हणून चौदा वर्षांच्या पोरीला जुंपणार? लाज नाही वाटत? स्वतःच्या पोटच्या पोरीचं..."

त्या बाईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसता एक हात मागं करून, थांबा, अशी खूण केली. मला? मी सगळी चढण स्कूटी ढकलत आले आणि मला हातानं थांबवते? मी आणखी दोन पावलं पुढं झाले आणि आवाज आणखी चढवला. म्हैस बिथरली. तिनं मान झटकली आणि अशी सणसणीत लाथ घातली की किटली आडवी. दूध सगळं गोठ्यात.

मग ती बाई वळली. पदर मागं पडला, आणि आत दोन घट्ट वेण्या.

"काय बाई तुम्ही," एकवीस म्हणाली. "जरा बारीक बोलायचं की. आता पान्हा चोरती बघा ती."

मी म्हटलं, "तू? आणि आई कुठाय तुझी?"

तिनं आधी किटली उचलली, पदरानं पुसली. मग म्हणाली, "आई न्हाय बाई. मागल्या थंडीत गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईस्तवर गेली."

गोठ्यात वैरणीच्या पेंढीवर मी बसले. मी शहरातली. म्हशीचा आणि माझा संबंध कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर उभं राहून पितात त्या दुधाच्या ग्लासापुरता. त्यामुळं त्या पोरीनं मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सगळं समजावून सांगितलं. म्हैस आईनं माहेरनं आणलेली, एवढीशी रेडी असताना. आईशिवाय कुणाचा हात तिनं कासेला लावून घेतला नव्हता. आई गेली आणि म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं. पप्पांनी बघितलं, त्यांना लाथ. चुलतीनं बघितलं, तिलाही लाथ. कास दगडासारखी झाली, म्हैस रात्रंदिवस हंबरायला लागली. मग शेजारची एक म्हातारी म्हणाली, आगं, तिचं धारेला बसायचं लुगडं आणा की कुणीतरी नेसून.

"वासावर असतंय त्येंचं," एकवीस म्हणाली. "मी नेसलो आणि बसलो. म्हशीनं मागं वळून हुंगलं, आणि घातला की पान्हा! तवापास्नं मीच."

शेण आणि वैरण पप्पा बघायचे. भाकरीही तेच थापायचे, वेड्यावाकड्या. फक्त धारेचं हिच्याकडं. पण म्हशीचं मन! पहाटे कधी लगेच पान्हा घालणार, तर कधी तासभर गोंजारून घेणार. मग दूध घेऊन पळत डेअरीला, आणि तिथनं खाली रस्त्यावर येईपर्यंत एस्टीचा नुसता धूर. मागनं दुसरी गाडी नाही.

"आणि ते मेसेज?" मी विचारलं, पण उत्तर कळलं होतं.

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "फोन आईचा हाय. तुमचा पयला मेसेज आला तवा सांगायचं हुतं. पण तुम्ही मग ताई म्हणून लिवायला लागला. ताई, असं करू नका. ताई, तसं करा. ते वाचलं की आसं वाटायचं, हाय ती. भांडतीया तुमच्यासंगट."

मला रडू फुटलं. आवरेना. शाळेतली तोफ, पेंढीवर बसून पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडतेय, आणि ती पोर घाबरीघुबरी होऊन माझ्या पाठीवरनं हात फिरवतेय: "रडू नगासा बाई. म्हस बुजती."

तेवढ्यात रस्त्यावरनं गाण्याचा दणदणाट आला. ट्रॅक्टर. आमच्याकडं ट्रॅक्टरवर गाणं नसेल तर तो ट्रॅक्टर समजत नाहीत. दारात येऊन गाणं थांबलं आणि हिचे वडील आत आले. धिप्पाड गडी, मिशीला पीळ, गळ्यात रुमाल. मला बघून रुमाल काढून हातात घेतला आणि दारातच उभे राहिले.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तुम्ही पोरीचा दाखला मागितलाय."

"दाखला?" ते पोरीकडं बघायला लागले. "कसला दाखला?"

त्यांना पत्ताच नव्हता. तो शेवटचा मेसेजही तिनंच केलेला. तिलाच विचारलं. तशी बांध फुटल्यासारखं बोलली, "परवा तो हेडी आलता न्हवं, म्हस बघायला! तुम्हीच बोलिवलता! म्हणला, म्हस दावणीची सोडा, पोरगी शाळंला मोकळी हुईल. माझ्या शाळंपायी आईची म्हस इकणार असला तर मला शाळाच नगो!"

वडील भिंतीला टेकले. "आगं, तुझ्यासाठीच इचार केलता," एवढंच म्हणाले.

म्हणजे असं होतं ते. शाळा ठेवायची तर आईची म्हैस त्या हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याच्या, टेम्पोत चढणार, आणि म्हैस ठेवायची तर पोरीचं नाव माझ्या वर्गातनं जाणार. आणि या पोरीनं कुणाला न विचारता, आईच्या नावानं, स्वतःचं नाव खोडून टाकायला घेतलं होतं. मला तिला मिठीही मारावीशी वाटली आणि एक धपाटाही घालावासा वाटला.

मी उभी राहिले. पुन्हा तोफ झाले. त्यांना म्हटलं, "लुगड्याच्या वासावर म्हैस दूध देते ना? मग तुम्ही घ्या की ते अंगावर. धार तुम्ही काढा. पोरगी मोकळी, म्हैसही दावणीला."

"मी?" ते दोन पावलं मागं सरकले. "लुगडं? बाई, काय बोलायलाय तुम्ही!"

"का? काय होतंय? मिशी झडते की काय?"

"न्हाय जमायचं," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बाहेर ट्रॅक्टरकडं गेले.

माझी सटकलीच. मागोमाग गेले आणि अंगणात उभी राहून म्हटलं, "गावातली माणसं हसतील म्हणून? चार ड्रायव्हर दात काढतील म्हणून पोरीला घरात बसवणार? एवढा मोठा गडी आणि एका लुगड्याला लाजता!"

ते चाकाला हात लावून पाठमोरे उभे होते. मग वळले तेव्हा डोळे लाल.

"लाजत न्हाय बाई. गावाला मी भीत न्हाय. ती गेल्यापास्नं त्या लुगड्याला हात लावला न्हाय मी. पोरगी नेसून बसती तवा मी गोठ्यात पाऊल टाकत न्हाय. तिचा वास हाय त्येला अजून." रुमालानं तोंड पुसलं. "तुम्ही शिकलेल्या हायसा, तुम्हीच सांगा. कसं घिऊ अंगावर?"

मी आयुष्यभर पोरांना उत्तरं सांगितलीत. त्या अंगणात मात्र म्हटलं, "मला ठाऊक नाही. पण दाखला मी देणार नाही. तिचा नंबर मी रोज पुकारणार. आली तर आली." आणि स्कूटी घेऊन उतारावरनं निघाले. घरी येईपर्यंत डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, म्हणून अगदी सावकाश आले.

दिवाळीची सुट्टी गेली. शाळा भरली. मी "एकवीस" म्हणायची, आणि पोरं म्हणायची, "न्हाय आली!" मुख्याध्यापक दारातनं बघून जायचे. मी फोन हातात घ्यायची, त्या नंबरावर बोट जायचं, आणि ठेवून द्यायची. काय लिहायचं? ताई म्हणून लिहायचं, की नाही लिहायचं? कारखान्याचा हंगाम सुरू झाला. रस्ता उसाच्या गाड्यांनी भरून गेला. शाळेच्या खिडकीतनं ट्रॅक्टर दिसला, की माझं लक्ष ड्रायव्हरकडं जायचं आणि फळ्यावरचं गणित चुकायचं. पोरं खूश.

मग एक दिवस, थंडी कडाक्याची, हातात खडू धरवत नव्हता. मी मान खाली घालून नंबर म्हणत होते. एकोणीस, हजर. वीस, हजर बाई. एकवीस.

"हजर बाई!"

मागचे बाक दचकून जागे झाले. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर वर्गासमोर फजिती झाली असती. बावीस म्हटलं, तेवीस म्हटलं, सगळी हजेरी संपवली, आणि मग दारात जाऊन जरा वेळ रस्त्याकडं बघत उभी राहिले.

मधल्या सुट्टीत तिला धरलं. म्हटलं, सांग. ती हसायलाच लागली. आधी काही दिवस पप्पा नुसतेच गोठ्याच्या दाराशी येऊन बसले म्हणे. मग आत आले. मग हिच्या शेजारी टेकले, लुगड्याचा एक पदर खांद्यावर घेऊन. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत बसले. असं करत करत हिच्या जागी ते आणि शेजारी ही.

"म्हस लाथा घालत नव्हती?"

"घातल्या की! पप्पा पण काय कमी हायत? तिला म्हणाले, मार, मार आणखी, तिनं पण लगीन झाल्यावर वरीसभर माझ्यासंगट नीट बोलणं केलं न्हवतं. आणि मग बोलतच सुटले बाई. आईसंगट भांडायचे तसं रोज म्हशीसंगट भांडत्यात आता. ती कान टवकारून ऐकती आणि दूध देती."

गावानं काय म्हटलं, हेही मी विचारलंच. मला राहवतंय होय? ड्रायव्हर मंडळी पहाटे मुद्दाम गोठ्यापाशी येऊन खोकायला लागली होती. तर पप्पा डोक्यावरचा पदर न काढता बाहेर आले आणि म्हणाले, "बघायला आलाय न्हवं? मग रिकाम्या हातानं उभं राहू नका. त्यो वैरणीचा भारा आत टाका." तेव्हापास्नं खोकायला कुणी येत नाही.

पोरगी रोज यायला लागली. एस्टी सुटण्याआधी रस्त्यावर हजर. मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले, आणि वर्गात तिला पहिल्यांदा, गृहपाठ अर्धवट ठेवला म्हणून, मनसोक्त झापलं. तिला इतका आनंद झाला की झापण्यातली गंमतच गेली.

संक्रांतीनंतर आमच्या शाळेत माता-पालक मेळावा असतो. हळदी-कुंकू, तिळगूळ, आणि त्यात घोळवून पोरांच्या तक्रारी. वडील या मेळाव्याला येत नाहीत. त्यांना बोलावतही नाहीत. मी नेहमीप्रमाणं वर्गाच्या सगळ्या नंबरांना एकदम निमंत्रण टाकलं: 'सर्व मातांनी उपस्थित राहावे.' टाकून झाल्यावर लक्षात आलं की त्या नंबरांत तो नंबरही आहे. मेसेज काढून टाकावा म्हणून बघितलं, तर निळ्या खुणा आलेल्या. वाचून झालेलं. थोड्या वेळानं उत्तर आलं: 'येतो.' मला वाटलं पोरगी लिहितेय. तिळगूळ वाटायला मदतीला येत असेल.

मेळाव्याला सभागृहात सतरंज्या घातलेल्या. नव्या साड्या, गजरे, गलका. आयांची हजेरीही मी पोरांच्या नंबरानंच घेते. बायकांना फार मजा वाटते त्याची, "हजर बाई" म्हणताना एकमेकींना कोपरानं ढोसतात. मी ठरवून गेले होते, की वीसवरनं सरळ बावीसवर जायचं. पण वर्षानुवर्षांची जिभेची सवय. वीसची आई? हजर बाई. एकवीसची आई?

बोलून गेले आणि जीभ चावली. दारात तिळगुळाचं ताट धरून एकवीस उभी होती, तिच्याकडं बघायची हिंमत होईना. ज्यांना ठाऊक होतं त्या बायकांनी माना खाली घातल्या.

"हजर."

आवाज मागनं आला, भिंतीपासनं. तिथं सगळ्यात शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ, ते उभे राहिले होते. धुतलेला पांढरा शर्ट, मिशीला पीळ, आणि खांद्यावर रुमालाच्या जागी घडी केलेलं ते जांभळं लुगडं.

"धार काढून तसाच आलो बाई," ते म्हणाले. "जरा उशीर झाला. हजेरी लावा."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी आजी सरकली, सतरंजीवर हात आपटून जागा दाखवली आणि म्हणाली, "मागं कशाला? हितं या, आयांच्यात बसा."

ते आले आणि मांडी घालून बसले. एकवीसनं सगळ्यांना सोडून तिळगुळाचं ताट पहिल्यांदा त्यांच्यापुढं धरलं. मी हजेरी लावली. मग घसा खाकरला आणि म्हटलं, "बावीसची आई?"